सैंधवाने बीपी वाढत नाही? मिठाच्या फॉरवर्डला उत्तर

"पांढरं मीठ बंद करा, सैंधव कितीही खा. त्यात 84 खनिजं असतात, बीपी वाढत नाही, आणि आयोडीन हा नुसता कंपन्यांचा धंदा आहे." हा मेसेज बीपीच्या पेशंटलाही जातो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

बीपी वाढत नाही, हे साफ खोटं. बीपी वाढवतं सोडियम, आणि सैंधव म्हणजे 95 टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराईडच. सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, धमन्यांवर दाब येतो. सैंधव 'सौम्य' वाटतं, कारण जाडसर भरड चमच्यात वजनाने कमी मावते. मग आमटी अळणी लागते, वरून आणखी चिमूट पडते आणि हिशेब बरोबरीत येतो.

खनिजं असतात, पण नावापुरती. 5 ग्रॅम सैंधवात पोटॅशियम 50 मिलिग्रॅमही नसतं. एका मध्यम केळ्यात 350च्या आसपास असतं.

आयोडीनचा मुद्दा सगळ्यात घातक. साध्या सैंधवात ते नगण्य असतं. मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला 250. ते कमी पडलं तर गलगंड होतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. उपासाला शेंदेलोण खुशाल वापरा. रोजच्या डब्यात आयोडीनयुक्त मीठच हवं.

खरा प्रश्न किती खाता हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरायला हवा. फोडताना त्यावर तारीख लिहा. महिन्यात संपला तर माणशी 8 ग्रॅम झाले, तेही लोणचं, फरसाण, पाव न धरता. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, ढोकळ्यात खायचा सोडा, दोन्हींत सोडियमच.

आधी ताटात मीठ वाढणं थांबवा, मग भातातलं आणि कणकेतलं काढा. आमटीला कोकम, लिंबू द्या. एकदम तोडलं तर घरात कुणी जेवणार नाही. दर दोन आठवड्यांनी थोडं कमी करा, जीभ रुळते.

मीठ बदलायचंच असेल तर पोटॅशियमयुक्त मिठाला खरा पुरावा आहे. चीनमधल्या 600 गावांपैकी निम्म्या गावांत 75 टक्के सोडियम क्लोराईड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराईड असं मीठ दिलं, बाकीच्या गावांत नेहमीचंच ठेवलं. 2021 च्या निष्कर्षात नवं मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी दिसलं. मात्र किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.