सातव्या महिन्यातल्या सेफ्टी पिना

अमेरिकेत आल्यावर ग्रहणाची कटकट सुटली, असं मी समजत होते. १४ ऑक्टोबर २०२३ला ते थेट आमच्या अल्बुकर्कीच्या डोक्यावर आलं. तेही कंकणाकृती. आणि मला सातवा महिना.

सासूबाईंनी कऱ्हाडहून आदल्या दिवशीच बजावलं होतं: चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर डोकवायचं नाही. भारतात ग्रहण दिसणारच नव्हतं, हा माझा मुद्दा त्यांनी झुरळासारखा झटकला. "पोटुशी तिकडे आहे ना?" सर्वपित्री अमावास्येचा स्वयंपाक करून दमलेल्या बाई रात्री दहाला व्हिडिओ कॉलवर पहाऱ्याला बसल्या. आमच्याकडे सकाळचे साडेदहा होत आले होते. नवरा चष्मा लावून अंगणात मजेत उभा.

तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात लाल फीत, गंजकी किल्ली, दातांत दोन सेफ्टी पिना. "ग्रहण बाळाचा ओठ खातं," असं त्या पिनांमधूनच म्हणाल्या आणि माझा कुडता वर करून फीत बांधायला लागल्या.

या आजी वाढल्या इथल्याच न्यू मेक्सिको राज्यातल्या चिमायो गावाजवळच्या डोंगरात, मातीच्या विटांच्या घरात. त्यांच्या आजीकडे प्रत्येक दुखण्याचं नाव तयार असे. जेवण पोटात अडकलं तर 'एम्पाचो': पोराला पालथं घालून पाठीची कातडी चिमटीत धरून कट्ट आवाज येईपर्यंत ओढायची. "त्या भीतीनेच आम्ही बेताचं खायचो." नजर लागली तर कच्चं अंडं अंगावरून फिरवून पेलाभर पाण्यात फोडायचं. सहा पोरांत एकाला नजर लागली की सकाळच्या नाश्त्यात एक अंडं कमी, मग नजर लागलेल्यालाच सगळे चोपायचे. आणि कुणाचं कौतुक केलं की त्याला हात लावायचाच, नाहीतर नजर बसते. एकदा पाहुण्याने डुकराच्या पिल्लाला "काय गोंडस!" म्हटलं, आजीने त्याला इस्त्रीच्या कपड्यांत गोठ्यात उतरवलं. तिन्हीसांजेला पाटाच्या कडेला जायचं नाही, कारण तिथे ला योरोना, स्वतःची पोरं बुडवलेली बाई, रडत फिरते.

"आमच्या विहिरीवर हडळ आहे," मी म्हटलं. आजींनी आदराने मान हलवली.

फोनवरून सासूबाईंनी विचारलं, "त्या काय बांधताहेत?" मी सांगितलं. "लोखंड आहे ना? चांगलं. त्यांना विचार, दृष्टीला मिरच्या ओवाळतात का?" विचारलं. आजी हसल्या. त्यांच्या दारावर लाल मिरच्यांची माळ लटकते, पण ती खायला. मिरच्या जाळायच्या म्हणजे पाप! सासूबाईंची मिरची मुळात याच खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेली. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

पावणेपाच मिनिटं सूर्याचं कंकण झालं म्हणे. मी सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी तपासणीला गेले तेव्हा पिना तशाच. काढायला विसरले होते. नर्सने कुडता वर केला आणि थबकली. मी सायन्सची पदवीधर, कान तापले. तिने वाकून किल्ली निरखली, फितीची सैल गाठ घट्ट केली आणि विचारलं, "कुणाची आजी?"