‘दुप्पट इंजिन, दुप्पट वेग’ हे साफ खोटं आहे

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवाखाली, पानं मांडलेली. माझा भाचा जेवायचं सोडून मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, “मामा, हे वाच. एवढी वर्षं बोटींत काढलीस, हे कधी सांगितलं नाहीस.”

‘श्रीमंतांच्या यॉटचं रहस्य’ नावाचा तो फिरता मजकूर होता. त्यात पाच गोष्टी होत्या. ७० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) पळणाऱ्या यॉटना मागे विमानाचं जेट लावलेलं असतं. इंजिन दुप्पट केलं की वेग दुप्पट होतो, पण कंपन्या हे लपवतात. वेगात बोट पाण्याच्या वर उडते, तिला पाणी लागतच नाही, म्हणून तेलही कमी जळतं. वेगवान बोट लाट कापून जाते, ती उलटत नाही. आणि किल स्विचची, म्हणजे चालकाला अडकवायची आणि तो पडला की इंजिन बंद करणारी, लाल दोरी फक्त शर्यतवाल्यांसाठी असते, ती काढून टाका, उगाच इंजिन बंद पडतं.

भाचा गोव्यातल्या नेरुलहून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. २६ फुटी फायबरची बोट आणि ७५ एचपीचं ओबीएम, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लटकवायचं इंजिन. सीझन सुरू व्हायच्या आत १५० एचपीचं इंजिन बसवायचं आणि त्यासाठी माझ्या बहिणीच्या पाटल्या गहाण टाकायच्या, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं. पुढच्या तीन दिवसांत तोच मजकूर मला आणखी चौघांनी पाठवला. त्यातले दोघे बोटवाले. बत्तीस वर्षं मी वास्कोला एका यार्डात बोटींच्या तळाचं आणि शाफ्टचं काम केलं. हे वाचून गप्प बसवत नाही.

विमानाच्या इंजिनाची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं मान्य करतो. स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस यांच्यासाठी २००० साली बांधलेली ‘फोर्तुना’ ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर गेली, ती गॅस टर्बाइनवर, म्हणजे विमानाच्या जेटच्याच जातीच्या इंजिनावर. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ‘डेस्त्रिएरो’ ही बोट ५८ तास ३४ मिनिटांत, वाटेत तेल न भरता, अटलांटिक ओलांडून गेली. सरासरी ५३ नॉट. तिची तीन टर्बाइनं ज्या इंजिनावरून बनवली होती, त्याच घराण्यातलं इंजिन आज आपल्या तेजस विमानात आहे. पण विमानात जसा मागे सुटणारा झोत ढकलतो, तसं बोटीत काहीच होत नाही. टर्बाइन शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, फिरवतं, शाफ्ट गिअरबॉक्समधून वॉटरजेटचा पंप फिरवतो, पंप तळातून पाणी ओढून मागे फेकतो. बोट पुढे जाते ती त्या फेकलेल्या पाण्यामुळे. आणि ‘डेस्त्रिएरो’ला त्यासाठी ६७ मीटर लांबीचा हलका ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि सुमारे ६०,००० एचपी लागले. कुणी जुन्या बोटीवर मोठं इंजिन चढवून हा वेग काढलेला नाही. तळाची प्रत्येक रेषा त्या वेगासाठीच आखलेली होती.

आता दुप्पट इंजिनाचा हिशेब. तो मी पानावरून उठायच्या आत भाच्याला तोंडी करून दाखवला.

पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड. बोट एकतर पाण्यात बसून चालते, नाहीतर पाण्यावर चढून. बसून चालणारी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात टॉर्कीला हौदात छोटी मॉडेलं ओढून या लाटांचा अभ्यास केला. व्यवहारात त्याचा ठोकताळा असा, की पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. ३६ फुटांच्या होडीला ८ नॉट. तिथे इंजिन दुप्पट करा, नाळ वर जाईल, मागची बाजू रुतेल, तेल जळेल, आणि वेग जेमतेम वाढेल.

भाच्याची बोट पाण्यावर चढणारी आहे. तिला हा बांध ओलांडता येतो. पण तिथेही वेग वाढतो तो एचपी आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने. भरल्या बोटीला आज १५ नॉट मिळत असतील तर दुप्पट इंजिनावर २१ मिळतील, ३० नाहीत. ३० हवे असतील तर चौपट, म्हणजे ३०० एचपी. आणि हे वजन तेवढंच राहिलं असं धरून. चार-स्ट्रोक १५० चं इंजिनच दोनशे किलोंच्या वर भरतं, वर जादा तेलाची टाकी. हे सगळं लटकणार मागच्या फळीवर. अशा किती फळ्या मी उघडल्यात. वरून फायबर चकचकीत, आत प्लायवूड पाण्यात भिजवलेल्या पावासारखं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ७५ च्या इंजिनासाठी बांधलेली फळी १५० चा ओढा किती दिवस सोसेल?

केवळ ताकदीने काम भागत नाही याचा धडा १८९० च्या दशकातच मिळालेला आहे. वाफेची टर्बाइनं बनवणाऱ्या चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही बोट आधी २० नॉटही गाठेना. बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) इतका जोरात फिरायचा की पात्यांमागे दाब पडून थंड पाण्याला उकळी फुटायची, आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरायचा. पार्सन्सने टर्बाइन तीन भागांत विभागलं, एकाऐवजी तीन शाफ्ट घातले, प्रत्येकावर तीन पंखे. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या आरमारी सोहळ्यात तीच बोट ३४ नॉट धावली.

पाणी लागतच नाही म्हणे. मग पंखा कशात फिरतो? बोट वर चढली की ओला भाग कमी होतो, आणि अर्धवट चढलेल्या अवस्थेपेक्षा तिथे दर मैलाला तेल कमी लागू शकतं, इतकंच त्यात तथ्य आहे. त्यापुढे वेग वाढवत गेलात की बचत संपली. खरोखर वर उचलायची तर खाली हायड्रोफॉइलचे, म्हणजे पाण्यात राहून बोट उचलून धरणारे, पंख लागतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या बोटीने १९१९ मध्ये ते लावून ताशी ११४ किलोमीटर गाठले होते.

‘वेगवान बोट उलटत नाही’ हे लिहिणाऱ्याने दिदिए पिरोनीचं नाव ऐकलेलं नसावं. फेरारीचा फॉर्म्युला वन चालक. १९८२ मध्ये हॉकेनहाइमला गाडीच्या अपघातात पायांचा चुरा झाला, तरी जगला. २३ ऑगस्ट १९८७ ला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटजवळ त्याची शर्यतीची बोट एका तेलवाहू जहाजाने मागे सोडलेल्या लाटेवर चढली आणि उलटली. तो आणि त्याचे दोन्ही साथीदार गेले. वादळ नव्हतं, एका जहाजाची लाट होती. मांडवीत बार्ज गेली की अशीच लाट उठते, आणि आग्वादच्या तोंडाशी ती बाहेरच्या लाटेला आडवी भिडते. हे भाच्याला मी सांगायला नको, तो रोज तिथून जातो. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसं गेली. तिथे चालवणारे नौदलाचे शिकलेले हात होते. त्यानंतर आठवड्याने, नाताळच्या दिवशी, आपल्या कळंगुटला किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला.

आणि आता ती दोरी. बाकी सगळं चुकीचं असलं तरी माणूस पैसे घालवून सुटेल. हे एक वाक्य मात्र जीव घेईल.

मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला एक कुटुंब साधारण आठ मीटरच्या बोटीतून फिरायला निघालं. भाच्याच्या बोटीएवढीच बोट. पूर्ण वेगात झटक्याने वळण घेतलं गेलं आणि सहाच्या सहा माणसं पाण्यात फेकली गेली. चालवणाऱ्याने दोरी अडकवलेली नव्हती. इंजिन चालूच राहिलं. चालकाशिवाय बोट गोल गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने अहवालात स्पष्ट नोंदवलं की दोरी चालकाला बांधलेली असती तर तो फेकला जाताच इंजिन बंद पडलं असतं. बोटवाल्यांच्या प्रत्येक संघटनेने तो अहवाल भाषांतर करून जेटीवर लावावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

उगाच इंजिन बंद पडतं ही तक्रार मी भाच्याकडूनही ऐकली. खाऱ्या पाण्याने क्लिप सैल झालेली असते किंवा दोरी पिचलेली असते. नवी दोरी घे. ती मनगटाला नको, मांडीला अडकव, म्हणजे हात हलवताना ओढली जाणार नाही. आणि हा मजकूर ज्यांना पुढे पाठवलास त्या प्रत्येकाला फोन कर. मेसेज नको, फोन.

वेग थोडा कमी वाटतोय ही त्याची मूळ अडचण खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पाटल्या घरातच राहू देत. बोट ओढून वर घे, पावसाळ्यात तळाला धरलेली कालवं आणि शेवाळ खरवडून काढ. मग नेहमीएवढी माणसं बसवून नदीतच पूर्ण थ्रॉटल दे आणि इंजिनाचे मिनिटाला फेरे किती येतात ते बघ. या इंजिनाला साधारण ५,००० ते ६,००० यायला हवेत. कमी आले तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जितकं पुढे सरकायला बघतो ते अंतर, जास्त आहे. एक इंच पिच उतरवला की दीड-दोनशे फेरे वाढतात. माझ्याकडे दोन जुने पंखे पडून आहेत, रविवारी भरतीला घेऊन येतो.