ज्या दोन ओळींनी ग्रंथालयाची मराठी नोंदवही पुसली

सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिनक्सवर कसे बसवावे याची पुस्तिका लिहिणाऱ्याने, ती डेटाबेसच्या, म्हणजे माहिती तक्त्यांत साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या वर्षी लिहिली, एवढे तरी पहिल्या पानावर सांगावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय? पुण्यातील पेठेतल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ग्रंथसूचीचे एक मोफत सॉफ्टवेअर बसवताना जो मनस्ताप झाला, तो जवळजवळ सगळा याच बेपर्वाईतून आलेला आहे आणि त्याबद्दल सौम्य शब्दांत लिहिण्याची माझी इच्छा नाही.

या सॉफ्टवेअरची पुस्तिका सांगते की डेटाबेसचा वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड ‘ग्रँट’च्या, म्हणजे परवानगी देण्याच्या, एकाच आज्ञेत तयार करावा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत, म्हणजे २०१८ सालीच, ही सोय काढून टाकण्यात आली. आता आधी ‘क्रिएट यूझर’ आणि मग ‘ग्रँट’ अशा दोन आज्ञा द्याव्या लागतात. पुस्तिकेतील आज्ञा जशीच्या तशी दिली की वाक्यरचना चुकल्याचा संदेश येतो आणि नवखा माणूस आपलेच टंकलेखन तपासत बसतो. पुढे नमुना म्हणून दिलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये (सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलीत) क्वेरी कॅशच्या, म्हणजे आधीची उत्तरे लक्षात ठेवणाऱ्या साठ्याच्या, आकाराची ओळ आहे. क्वेरी कॅशही ८.० मधून गेला, त्यामुळे ती ओळ राहिली तर अख्खा डेटाबेस सर्व्हर सुरूच होत नाही. सेवा सुरू करण्याची आज्ञा ‘अपयश’ एवढेच कळवते. खरे कारण एरर लॉगमध्ये, म्हणजे त्रुटींच्या नोंदवहीत, असते आणि तो लॉग कुठे शोधावा याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही.

परवानगीची अडचण आली की ‘७७७ द्या’ (म्हणजे फाइली कोणालाही वाचू, बदलू आणि चालवू द्या) आणि डेटाबेसशी जोडणी झाली नाही की ‘एसईलिनक्स बंद करा’ (म्हणजे लिनक्सची सुरक्षा-यंत्रणाच बंद करा), हे सल्ले तर अक्षम्य आहेत. वेब सर्व्हरला डेटाबेसपर्यंत जाऊ देण्यासाठी एसईलिनक्समध्ये स्वतंत्र कळ आहे आणि ती एका आज्ञेत चालू होते. तेवढे शोधण्याचे कष्ट न घेता, वाचकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर ठेवणाऱ्या यंत्राची सगळी दारे उघडी टाका असे लोकांना सांगणे ही निव्वळ बेजबाबदारी आहे.

हे सगळे सहन करता आले असते, कारण सर्व्हर सुरू झाला नाही तर निदान तो सुरू झाला नाही हे दिसते. खरा अनर्थ जिथे सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसले तिथे झाला. मायएसक्यूएल ८.० मध्ये कोणतीही सूचना न देता तक्ता तयार केला तर तो यूटीएफ-८ या, जगातील बहुतेक लिप्या सामावणाऱ्या, अक्षरसंकेतातच तयार होतो आणि मराठी नीट साठते. परंतु या सॉफ्टवेअरच्या तक्ते तयार करणाऱ्या फाइलीत प्रत्येक तक्त्याखाली ‘लॅटिन१’ या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचाचे नाव स्पष्ट लिहून ठेवलेले आहे आणि त्या संचात देवनागरीचे एकही अक्षर नाही. तरीही बचाव झाला असता, कारण मायएसक्यूएल ५.७ पासून डेटाबेस मुळातच कडक पद्धतीने चालतो आणि न बसणारे अक्षर आले की नोंद नाकारतो. पुस्तिकेने ती कडक पद्धतही ‘त्रुटी येऊ नयेत म्हणून’ बंद करायला लावली. परिणामी कोणतीही तक्रार न करता डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिले. ‘पुणे’ या शब्दाची चार प्रश्नचिन्हे झाली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, सगळ्यांची तीच गत झाली.

ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: चुकीच्या संचात वाचल्यामुळे पडद्यावर विचित्र लॅटिन अक्षरे दिसत असतील, तर मूळ बाइट (अक्षरांसाठी साठवलेले आकडे) बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. प्रश्नचिन्ह झाले की मूळ बाइट गेले, कायमचे. रोज रात्री घेतलेला बॅकअपही त्या प्रश्नचिन्हांचाच बॅकअप होता.

हिंजवडी आणि खराडीत याच कामावर ज्यांचे घर चालते, अशा परिचितांकडे विषय काढला की ‘कंटेनर वापरा’, म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या नेमक्या आवृत्त्यांसह एका बंद पेटीत चालवा, हे उत्तर तयार असते. कंटेनरमुळे आवृत्त्यांचा घोळ टळतो हे मान्य, पण त्याच्या आतले तक्ते त्याच फाइलीतून तयार होणार असतील तर ग्रंथालयाच्या पदरात काय पडते? निवृत्तीनंतर विनामूल्य काम करणारी माणसे दुपारी येऊन जुन्या कार्डांवरून एकेक नाव टंकित करत होती. त्यांच्या श्रमांची ही किंमत झाली, आणि आता तीच कार्डे पुन्हा काढावी लागणार आहेत.

ज्यांच्या हाती ते सॉफ्टवेअर आहे त्यांनी ‘लॅटिन१’ हा उल्लेख त्या फाइलीतून आणि कडक पद्धत बंद करण्याची ओळ पुस्तिकेतून आजच काढावी. नव्या आवृत्तीची वाट पाहण्याजोगे हे काम नाही, कारण आज दुसऱ्या एखाद्या गावातील ग्रंथालय हीच पुस्तिका समोर ठेवून बसलेले असू शकते.