रोहू आमच्या खाडीत कधी होता?

दुपारपासून डोकं ठणकतंय. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकली, आमच्या खाडीतल्या वाळूपट्ट्याचा पर्यावरण अहवाल. सगळा इंग्रजीत. आतेला वाचता येत नाही, म्हणून पडवीत बसून मी तिला मराठीत सांगत होते. माशांच्या यादीवर आले आणि थबकले. रोहू, कटला. गोड्या पाण्यातले मासे, आणि मालवण तालुक्यातल्या खाऱ्या खाडीत! आते म्हणाली, "ह्यो मासो मी हयसर कदी बघूक नाय गो." मी यादी परत वरपासून खालपर्यंत वाचली. तांबोशी नाही, शेवटे नाहीत, काळुंदर नाही. मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, ते तर नाहीतच. कुठल्यातरी गोड्या नदीचा अहवाल उचलून आमच्या खाडीला चिकटवलाय. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर उत्खननाचा जलचरांवर लक्षणीय परिणाम होणार नाही. रोहूवर नाहीच होणार!

माझी आते आता सत्तरीची आहे. आयुष्यभर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून तिने मुळे काढले. डोळ्यांनी नाही, पायांनी. गुडघाभर पाण्यात टाच फिरवत जायची, कडक लागलं की वाकायची. लहानपणी तिच्या मागून टोपली घेऊन मी चालायचे. कुठे वाळू भरड, कुठे चिखल, कुठे पाय टाकायचा नाही, सगळं तिला पाठ. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याच वाटेने निघाली आणि जिथे पाणी घोट्याला लागायचं तिथे गळ्यापर्यंत आत गेली. रात्री पंप लावून वाळू उपसली, त्याचा खड्डा. जवळ होडीत एक पोरगा होता, त्याने हात दिला. काठावर आणली तेव्हा थरथरत होती. एवढंच म्हणाली, "चेडवा, हयसर आता तळच रवलो नाय."

तो खड्डा या अहवालात कुठे आहे?

२०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल म्हटलं, तेव्हा आम्ही केवढे खूश झालो होतो. वाटलं, आता कुणीतरी येऊन खाडी नीट बघेल. आले हे अहवालवाले, डिसेंबरात एक दिवस. वाळू किती ब्रास निघेल ते मोजलं. काढलेली वाळू परत किती भरते हे बघायला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तळ मोजावा लागतो. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतसुद्धा हा पुनर्भरणाचा अभ्यास सांगितलाय. एका दिवसात तो कसा होईल? वरच्या अंगाला धरणं-बंधारे झाले की वाळू तिथेच अडते, खाली येते ती आधीच कमी. आणि यांच्या कोष्टकात खाडी म्हणजे दरवर्षी आपोआप भरणारं कोठार.

वाळू काढली की नुसती वाळू जात नाही हो. तळ खोल झाला की भरतीचं खारं पाणी आणखी आत शिरतं, काठच्या विहिरी मचूळ होतात. खड्ड्याच्या बाजूने काठ ढासळतो, त्याच्याबरोबर कांदळ जातं आणि त्याच्या मुळांत वाढणारी चिंगळं जातात. पंपाने पाणी गढूळ झालं की मुळ्यांना श्वासही घेता येत नाही, ते पाणी गाळूनच जगतात ना. तळाशीलला जाऊन बघा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कालावल खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माणसांची घरं. तिथे खाडीच्या पोटातून वाळू काढायची म्हणजे त्या घरांच्या पायातूनच काढायची.

हो, माझ्या भावाच्या घराच्या स्लॅबलाही वाळू लागलीच, मान्य आहे. मुखाशी गाळ साचून होड्या अडकतात, तिथे थोडी काढावी लागते, तेही मान्य.

आणि हातपाटीवाल्यांवर माझा राग नाही. हे लिहिता लिहिताच मला जाणवतंय की सगळ्यांना एकाच दोरीला बांधणं बरोबर नाही. बुडी मारून घमेल्याने वाळू वर काढणारा माणूस दिवसाला काढून काढून किती काढणार? त्याचं अंग सांगतं तिथे तो थांबतो. ज्याने आतेला हात दिला तो पोरगाही हातपाटीवरच होता. पंप थांबत नाही. रात्री दीड-दोनला आम्ही अंथरुणात पडून त्याचा आवाज ऐकतो आणि सकाळी सगळे गप्प, कारण डंपर कुणाचे ते सगळ्यांना माहीत असतं. मीही गप्पच होते. आते बुडता बुडता वाचली, तरी मी कुठे काही लिहून दिलं नाही.

आज देणार आहे. हरकत मराठीत लिहितेय, माशांची खरी नावं घालून, आते सांगतेय तशी. आत्तापर्यंत पंधरा नावं झाली, त्यातली तीन मला माहीतच नव्हती. पाहणी परत करा आणि आतेला बरोबर घ्या, असंही लिहिलंय. ते वाचून दाखवल्यावर ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांका सांग, अमाशेक येवा. सांजची सुकती मोठी असता. खड्डो खय हा तो मी दाखवतंय."