एक्सपोर्ट दाबलं की तारखांचं वाटोळं

फोटो ॲपमधून बाहेर काढला की त्याची तारीख बदलते. हे चालतं? कुणाला चालतं? मला नाही चालत, आणि आता माझं डोकं पार फिरलंय.

बाबांची पंचाहत्तरी आहे. त्यांचे लहानपणापासूनचे फोटो क्रमाने लावून पेन ड्राइव्हवर टाकायचे आणि हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचे, एवढंच काम. सगळे फोटो ॲपमध्ये तारीखवार नीट लागलेले. सगळे निवडले, एक्सपोर्ट दाबलं, फोल्डर उघडला. बाबांची मुंज, आईबाबांचं लग्न, माझं बारसं, सगळ्यांवर एकच तारीख. आजची! आणि क्रम? मुंजीच्या आधी नातवाचा वाढदिवस.

यातला एक फोटो सांगते. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दारात बाबा उभे आहेत, हाफ पँटीत, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मागच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ स्पष्ट दिसते. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. फोटो त्या दिवशीचा नाही, पूर ओसरल्यावर शेजारच्यांनी काढलेला. आत्याला सगळं लख्ख आठवतं, दोनच दिवसांनी काढला म्हणते. तिच्या शेजारी बसून मी स्कॅन केलेल्या एकेका फोटोला तारीख घातली. या फोटोला १४ जुलै १९६१. ॲपने ती घेतली, दाखवली, वर्षानुवर्षं बरोबर जागी ठेवली. आणि बाहेर काढताना? फोल्डरमध्ये आजची, आणि फोटोच्या आत स्कॅन केल्याची तारीख! कारण मी घातलेली तारीख फोटोत कधी लिहिलीच नव्हती. ती ॲपने स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती. फोटो बाहेर, तारीख आत. मग मला ती बदलू कशाला दिलीत? आत्या ऐंशीच्या पुढे आहे. तिला पुन्हा बसवून पुन्हा विचारायचं का मी सगळं?

आणि हे काही अवघड शास्त्र नाही. फोटोच्या फाइलच्या आतच तारीख लिहायची सोय आहे, एक्झिफ म्हणतात तिला. जपानमध्ये १९९५ साली ठरलेली पद्धत आहे ही. फोटो कधी काढला, त्याला वेगळा रकाना. फाइल कधी बदलली, त्याला वेगळा. कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये दिसते ती तारीख फाइलची, म्हणजे ती फाइल इथे कधी तयार झाली त्याची. एक्सपोर्ट म्हणजे नवी फाइल, म्हणून आजची तारीख. कारण कळलं हो मला! पण आतली खरी तारीख वाचून फाइलवर टाकायला त्या प्रोग्रामला असा किती वेळ लागणार आहे?

बरं, ज्यांचे फोटो ऑनलाइन ठेवलेत तिथून सगळं एकदम उतरवलं, तर आणखी वेगळी तऱ्हा. तारीख फोटोशेजारच्या दुसऱ्याच फाइलमध्ये, तीही १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले त्या आकड्यात. १९६१ साठी तो आकडा उणे! हे माणसांसाठी केलंय का?

चॅटिंग ॲपची तर बातच सोडा. चुलतभावाने पाठवलेले फोटो दाबून बारीक केलेले आणि आतली तारीख पुसलेली. फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नाहीच.

व्हिडिओचा घोळ वेगळाच. २०१९ ची अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला होती. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाचा व्हिडिओ आम्ही काढला रात्री तीनच्या पुढे, म्हणजे तारीख १३. पण फोन व्हिडिओत वेळ लिहितो ग्रीनिचची, आपल्याहून साडेपाच तास मागे. ज्या प्रोग्रामला ते साडेपाच तास मिळवायची अक्कल नाही, तो दाखवतो १२ तारीख, रात्रीचे साडेनऊ. म्हणजे संध्याकाळच्या फोटोंमध्ये हा मध्यरात्रीनंतरचा व्हिडिओ घुसलेला. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, इथे एक दिवस इकडचा तिकडे होणं म्हणजे किती फरक!

फोटो लॅबवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तारीख कोण बघतं?" मी बघते! आणि पुरात बुडालेल्या गाडीचा फोटो विम्यासाठी लावायची वेळ आली की तुम्हीही बघाल. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, त्यांना विचारा तारीख लागते की नाही.

उपाय नाही असं नाही. एक्झिफटूल नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, फिल हार्वे यांनी केलेला. तो आतली तारीख वाचून हजारो फाइलींवर एका कमांडमध्ये टाकतो, फोटोच्या आत नवी तारीखही लिहितो. त्या माणसाला माझा दंडवत. पेन ड्राइव्हवर १९८० च्या आधीची फाइल-तारीख बसतच नाही, त्यामुळे १९६१ आतच लिहायला हवं, हेही मला त्याच भानगडीत कळलं. पण काळ्या खिडकीत कमांड टाइप करणं हे घरोघरच्या माणसांचं काम आहे का? एका माणसाला जे फुकट जमतं, ते एवढ्या मोठाल्या कंपन्यांना पैसे घेऊन जमू नये? एक्सपोर्टच्या खिडकीत दर्जा विचारता, आकार विचारता, नाव विचारता. "काढल्याची तारीख ठेवू का?" हे का विचारत नाही? खरं तर विचारायचंही कारण नाही, ठेवायलाच हवी!

आता माझ्याकडे आत्याने सांगितलेल्या तारखांची एक वही आहे, आणि मी ती फोटोंच्या आत एकेक करून परत लिहिते आहे. नातेवाईकांना एकच सांगणं: पंचाहत्तरीसाठी मला चॅटिंग ॲपवर फोटो पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आतली तारीख पुसली जाणार नाही, आणि कधीचा आहे ते सोबत लिहा.