तो जांभळा जिवाणू प्राणवायू देत नाही, देऊच शकत नाही

आत्याच्या फोनवर आलेला मेसेज असा: ‘शास्त्रज्ञांनी काहीही खाऊन उन्हावर जगणारा नवा जीव प्रयोगशाळेत बनवला. त्याचं द्रावण रोज दोन चमचे प्या, उन्हात बसा, रक्तातला प्राणवायू वाढेल. टाकीत ओता, इंधन मिळेल. मात्र हा जीव बाहेर निसटला तर झाडं संपतील.’ आत्याला दमा आहे. तिने विचारलं, ‘मग पंप बंद करू का?’ अजिबात नाही!

प्राणवायूचं आधी बोलतो, कारण यात जीव जाऊ शकतो. झाडं इलेक्ट्रॉन मिळवायला पाण्याचा रेणू फोडतात, म्हणून प्राणवायू सुटतो. मेसेज ज्याला ‘नवा जीव’ म्हणतो तो, म्हणजे प्रयोगशाळेत वापरला जाणारा ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस हा जांभळा जिवाणू, पाणी फोडतच नाही. तो इलेक्ट्रॉन घेतो सेंद्रिय आम्लांकडून, हायड्रोजनकडून, थायोसल्फेट या गंधकाच्या संयुगाकडून, अगदी लोहाकडूनसुद्धा. मग प्राणवायू येणार कुठून? त्याचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा आराखडा, २००४ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला आहे, ४,८३६ जनुकांचा. पाणी फोडणारी यंत्रणा त्यात नाही. उलट प्राणवायू भरपूर मिळाला की तो प्रकाशसंश्लेषणाचा पसारा आवरता घेतो. हवाबंद बाटलीत, दिव्यासमोर वाढवला तर द्रव गडद लालसर-जांभळा होतो. तोच हवा खेळवत वाढवला तर रंग फिका पडतो, कारण प्रकाश टिपणारी रंगद्रव्यंच तो कमी बनवतो. बरं, आतड्यात अंधार असतो. उन्हात बसून तिथे प्रकाश पोहोचत नाही. आणि बाटलीतल्या त्या द्रवात आणखी कोणते जंतू वाढलेत हे मेसेज पुढे ढकलणाऱ्याला माहीत असतं का? ते दम्याच्या रुग्णाला प्यायला सांगणं हा गुन्हा आहे.

‘नवा जीव बनवला’ हेही खोटं. हा जिवाणू तळ्याच्या गाळात, मातीत आधीपासून आहे. प्रकाश असो वा अंधार, अन्न म्हणून सेंद्रिय पदार्थ असोत वा कार्बन डायऑक्साइड, तो जगतो. चयापचयाच्या या चारही तऱ्हा त्याच जनुकसंचात दिसतात. ही करामत निसर्गाची. कृत्रिम जीवशास्त्रवाले, म्हणजे जिवांची जनुकं हवी तशी बदलणारे शास्त्रज्ञ, त्यातली मोजकी जनुकं बदलतात किंवा बाहेरची घालतात. ‘काहीही खातो’ ही अतिशयोक्ती. प्लास्टिकच्या पिशव्या तो फस्त करत नाही.

इंधनाच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. २०१६ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॅरोलिन हारवुड यांच्या गटाने याच जिवाणूच्या नायट्रोजनेजमधली (हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करणारं विकर, म्हणजे एन्झाइम) दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे दोन घटक, बदलली, आणि प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन मिळाला. सुंदर काम आहे. पण मिथेनच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात, आणि हे विकर दर इलेक्ट्रॉनमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, दोन रेणू खर्च करतं. वर बरेच इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवण्यातच जातात. मिळालेला मिथेन अत्यल्प होता. घरच्या टाकीतून चूल पेटेल असं त्या संशोधकांनी कुठेही म्हटलेलं नाही.

राहिला निसटण्याचा मुद्दा. बदललेले जिवाणू उघड्यावर सोडण्याआधी कडक तपासणी हवीच, तिथे माझा वाद नाही. पण ‘झाडं संपतील’ याला आधार काय? जास्तीची जनुकं चालवायला ऊर्जा लागते, त्यामुळे असे जिवाणू बहुतेक वेळा रानटी भाऊबंदांच्या स्पर्धेत मागे पडतात.

आत्या, पंप चालू ठेव, आणि औषधात बदल करायचा तर तुझ्या डॉक्टरांनाच विचार.