एकादशी, हळद आणि नोबेल: एका मेसेजबद्दल खुलासा

सांगलीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "एकादशीला सोळा तास उपाशी राहा, वर हळदीची अँटीऑक्सिडंट गोळी घ्या, पेशी कॅन्सर खाऊन टाकतात. जपानी शास्त्रज्ञाला यावर नोबेल मिळालंय."

नोबेल मिळालं हे खरं. योशिनोरी ओसुमी, २०१६. पण त्यांनी अभ्यासली ती यीस्टच्या पेशींमधली ऑटोफॅजी. उपासाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असं त्यांनी दाखवलेलं नाही.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच खराब झालेले भाग पिशवीत गुंडाळून पचवणं. त्या गोळीची गंमत इथेच आहे. पेशी उपाशी राहिली की तिच्यात हायड्रोजन परॉक्साइड थोडं वाढतं. एटीजी४ नावाचं एन्झाइम एरवी त्या पिशवीच्या पडद्यावरून एलसी३ हे प्रथिन सोडवत असतं. परॉक्साइडमुळे त्याचं हे काम थंडावतं, एलसी३ चिकटून राहतं आणि पिशवी तयार होते. म्हणजे परॉक्साइडमुळे पेशीवर येणारा हा ऑक्सिडेटिव्ह ताण इथे निरोप्या आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींना अँटीऑक्सिडंट, म्हणजे हा ताण कमी करणारा पदार्थ, दिल्यावर उपासमारीने सुरू होणारी ऑटोफॅजी दबलेली दिसली आहे. मेसेजातले दोन सल्ले एकमेकांच्याच पायात पाय घालतात!

कॅन्सरचं म्हणाल तर, वाढलेल्या गाठीतल्या पेशी याच ऑटोफॅजीवर तगही धरू शकतात.

आपल्या सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, आमटीत ती हवीच. आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तो उपास पेशीच्या लेखी उपास नव्हेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोळा तास उपाशी राहू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.